निरोप हातोहात: मार्कोनी आणि तुटक्या संपर्काचे शास्त्र

हुपरीत सकाळी कारखान्यांची दारे उघडली की कानशींची खरखर सुरू होते. पैंजण, जोडवी, कमरपट्टे घासताना पडणारा चांदीचा कीस इथे कोणी झाडून फेकत नाही. कारखान्यातला केरसुद्धा जपून ठेवतात आणि त्यातली चांदी पुन्हा काढून घेतात. हातकणंगले तालुक्यातल्या या चांदीनगरीत त्या किसाची किंमत लहान पोरालाही ठाऊक असते. असाच चिमूटभर कीस काचेच्या नळीत भरून एका विशीतल्या इटालियन तरुणाने बिनतारी संदेश टिपला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते.

त्या तरुणाचे नाव गुल्येल्मो मार्कोनी. रेडिओच्या जनकांपैकी एक म्हणून त्याचे नाव शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांनाच भेटते. पण बिनतारी संपर्क ही सतत चालू राहणारी गोष्ट नाही, हे सर्वांत आधी आणि सर्वांत महागात शिकावे लागले तेही मार्कोनीला आणि त्याच्या माणसांना. लहरी कधी पोचतात, कधी पोचत नाहीत. जहाज आता टप्प्यात असते, तासाभराने नसते. अशा येत्याजात्या संपर्कातून निरोप नेमक्या माणसापर्यंत कसा पोचवायचा, हा प्रश्न मार्कोनीच्या हयातीत हजारो जिवांचा प्रश्न बनला. पुराच्या वेळी मोबाइलची रेंज गेली की तोच प्रश्न आज आपल्या दारात उभा राहतो.

नळीतला कीस

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. वडील ज्युसेप्पे जमीनदार होते. आई ॲनी जेमसन आयर्लंडमधल्या व्हिस्की गाळणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातली. मुलगा शाळेत रमला नाही, विद्यापीठातही त्याला रीतसर प्रवेश मिळाला नाही. शिक्षण बहुतेक घरीच झाले. शेजारीच राहणारे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ऑगुस्तो रिगी यांचे मात्र त्याला मार्गदर्शन लाभले.

१८९४ च्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ वयाच्या ३६ व्या वर्षी वारले. विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष असतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले होते. त्यांच्यावरचा लेख वाचताना वीस वर्षांच्या मार्कोनीच्या मनात आले, की या लहरींवरून तारेशिवाय संदेश पाठवता येईल. पोन्तेक्कियो गावातल्या घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग मांडले.

लहर टिपण्यासाठी त्याच्याकडे कोहिरर नावाची काचेची छोटी नळी होती. ही कल्पना त्याची नव्हती. फ्रान्सचे एदुआर ब्रान्ली आणि इंग्लंडचे ऑलिव्हर लॉज यांनी तिच्यावर आधी काम केले होते. नळीत धातूचा कीस सैल पडलेला असतो, त्यामुळे त्यातून वीज सहज जात नाही. रेडिओलहर येऊन आदळली की किसाचे कण एकमेकांना चिकटतात आणि वीज वाहू लागते. मग एक छोटी हातोडी नळीवर टिचकी मारते, कण पुन्हा सुटे होतात आणि नळी पुढच्या लहरीसाठी तयार होते. मार्कोनीने नाना धातू वापरून पाहिले. अखेर सुमारे ९५ टक्के निकेल आणि ५ टक्के चांदी, असे किसाचे मिश्रण त्याने ठरवले. नळीची दोन्ही टोके चांदीच्या गुल्ल्यांनी बंद केली आणि आतली बहुतेक हवा काढून टाकली. यंत्राचा भरवसा वाढला.

१८९५ मध्ये घराजवळच्या टेकडीपलीकडे भाऊ आल्फोन्सो याला ग्राहक यंत्र देऊन उभे केले. संदेश पोचल्याची खूण म्हणून त्याने बंदुकीचा बार काढायचा होता. टेकडी आड असूनही बार ऐकू आला. पुढच्या वर्षी मार्कोनी आईसोबत लंडनला गेला. तिथे पोस्टखात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला पाठबळ दिले. १८९७ च्या मे महिन्यात ब्रिस्टल खाडीवरून सुमारे सहा किलोमीटर संदेश गेला आणि त्याच उन्हाळ्यात मार्कोनीची कंपनी उभी राहिली.

कंपनीला पहिले खरे गिऱ्हाईक समुद्राने दिले. जमिनीवर तारा होत्याच. चालत्या जहाजाला तार जोडता येत नव्हती. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर गुडविन वाळूचे धोकादायक पट्टे आहेत. तिथल्या दीपनौकेवर मार्कोनीचे यंत्र बसवले होते. २८ एप्रिल १८९९ रोजी दाट धुक्यात एक जहाज त्या दीपनौकेवरच येऊन आदळले. तिने बिनतारी यंत्रावरून मदत मागितली आणि किनाऱ्यावरून मदत निघाली. समुद्रातून बिनतारी यंत्राने मदत मागण्याच्या अगदी पहिल्या प्रसंगांपैकी हा एक होता.

दिवसा एक, रात्री एक

मार्कोनीचे मन मात्र अटलांटिकवर होते. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स येथे, पतंगाने उंच चढवलेल्या तारेला कानाचे यंत्र लावून तो बसला. इंग्लंडच्या पोल्ढू केंद्रातून मोर्स लिपीतले तीन टिंब वारंवार सोडले जात होते. ते आपल्याला ऐकू आल्याचे मार्कोनीने जाहीर केले. अंतर सुमारे ३,४०० किलोमीटर. छापील पुरावा नव्हता, साक्षीला फक्त एक मदतनीस, वेळ भर दुपारची. त्यामुळे ते टिंब खरोखर ऐकू आले की कानाला भास झाला, यावर आजही वाद आहे.

त्या वेळी वापरलेला पारा भरलेला शोधकही मार्कोनीचा नव्हता. तो इटलीच्या नौदलातून आला होता. कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये अशाच शोधकाचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडले होते. त्यामुळे या यशात बोस यांचा वाटा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. बोस यांना पेटंटांत रस नव्हता, मार्कोनीला होता. दोघांच्या वाटा तिथेच वेगळ्या झाल्या.

शंकांना उत्तर देण्यासाठी फेब्रुवारी १९०२ मध्ये मार्कोनी फिलाडेल्फिया जहाजावर यंत्र लावून अमेरिकेकडे निघाला. या वेळी संदेश कागदाच्या पट्टीवर उमटत होते आणि कप्तान साक्षीला होता. त्यातून एक विचित्र गोष्ट समोर आली. रात्री पोल्ढूचे टिंब ३,३०० किलोमीटरांहून अधिक अंतरावरही मिळत होते. दिवस उजाडला की साधारण १,१०० किलोमीटरांपलीकडे काहीच येत नव्हते. यंत्र तेच, जहाज तेच, फक्त सूर्य वर आला होता.

कारण पुढे कळले. पृथ्वीच्या वातावरणात खूप उंचावर विद्युतभारित कणांचे थर आहेत. काही लहरी त्यांवरून परत जमिनीकडे वळतात. दिवसा सूर्यप्रकाशाने या थरांची रचना बदलते. खालचा थर दाट होतो आणि लांब लहरींची ताकद शोषून घेतो. असा परावर्तक थर असावा, हे १९०२ मध्येच आर्थर केनेली आणि ऑलिव्हर हेविसाइड यांनी सुचवले. १९२४ मध्ये एडवर्ड ॲपल्टन यांनी ते सिद्ध केले. बिनतारी वाट ही पक्की सडक नसून ओढ्यावरच्या फरशीसारखी आहे, हे त्या प्रवासात कळले. पाणी उतरले की वाट खुली, चढले की बंद.

समुद्रावरचे निरोपे

पुढच्या दहा वर्षांत शेकडो जहाजांवर मार्कोनीची यंत्रे आली. ती चालवणारी पोरे जहाज कंपनीची नव्हे, तर मार्कोनी कंपनीची नोकर असत. बहुतेकांचे वय विशीतले. त्यांच्या यंत्राचा टप्पा साधारण काही शे किलोमीटर, समुद्र मात्र हजारो किलोमीटर रुंद. म्हणजे भर समुद्रातल्या जहाजाला किनारा थेट ऐकू येणे कठीण.

त्यावर तोडगा निघाला तो अधिक ताकदीचा नव्हता, तर वेळापत्रकाचा होता. कंपनी दर महिन्याला अटलांटिकचा एक तक्ता छापून ऑपरेटरांना देई. तक्त्यावर एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला समुद्रातली ठिकाणे आणि प्रत्येक जहाजाची एक तिरपी रेघ. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांच्या रेघांचा आलेख असतो, तसाच. दोन रेघा जिथे छेदत, तिथे आणि त्या दिवशी ती दोन जहाजे एकमेकांच्या टप्प्यात येणार, असा अर्थ. ऑपरेटर पाही, की आज संध्याकाळी अमुक जहाज जवळून जाईल आणि उद्या ते किनाऱ्याच्या टप्प्यात पोचेल. मग किनाऱ्याचा निरोप तो त्या जहाजाच्या हवाली करी. ते जहाज निरोप जपून ठेवी आणि योग्य वेळी पुढे देई.

याहून गमतीची सोय होती सागरी पत्राची. बाहेर निघालेल्या जहाजावरच्या प्रवाशाला घरी मजकूर कळवायचा असेल, तर तो घराकडे निघालेल्या दुसऱ्या जहाजाला बिनतारी यंत्रावरून सांगितला जाई. तिथला ऑपरेटर तो कागदावर उतरवून घेई आणि पहिल्या बंदरात पोचताच टपालात टाकी. अर्धा प्रवास लहरींवर, अर्धा जहाजाच्या पोटात. आपल्याकडे गावाकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती निरोप द्यायची रीत होती, तीच ही रीत.

आजचे संगणकशास्त्र या पद्धतीचे वर्णन तीन क्रियांत करते: साठवा, वाहून न्या, पुढे द्या. नेहमीच्या इंटरनेटमध्ये पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंतची पूर्ण वाट त्या क्षणी खुली आहे, असे गृहीत धरलेले असते. वाट तुटलेली असेल तर निरोप सोडून दिला जातो. तुटक संपर्काच्या जाळ्यात मधला प्रत्येक टप्पा निरोप सांभाळतो आणि पुढची भेट होईपर्यंत थांबतो.

या व्यवस्थेत एक मोठी खोट होती आणि ती मार्कोनीच्या धंद्याच्या धोरणातून आली होती. संकटाची वेळ सोडली, तर इतर कंपन्यांच्या यंत्रांशी बोलायचे नाही, असा त्याच्या ऑपरेटरांना दंडक होता. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हाइनरिश अमेरिकेहून परतत असताना त्याच्या जहाजावर जर्मन बनावटीचे यंत्र होते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसाठी त्याने दिलेला संदेश मार्कोनीच्या केंद्राने घेतला नाही, अशी तक्रार झाली. जर्मनीने हा प्रश्न लावून धरला. १९०३ आणि १९०६ मध्ये बर्लिनला परिषदा भरल्या. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, जहाज आणि किनारा यांनी एकमेकांचे संदेश घेतलेच पाहिजेत, असा करार झाला. मार्कोनीला तो रुचला नाही. पण निरोप पुढे न्यायला मधल्याने नकार दिला तर जाळे जाळे उरत नाही, हे जगाने मान्य केले.

१९०९ ने मार्कोनीला दोन मान दिले. जानेवारीत अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ रिपब्लिक जहाजाची धुक्यात टक्कर झाली. ऑपरेटर जॅक बिन्स याच्या हाकेमुळे दोन्ही जहाजांवरच्या सुमारे दीड हजार माणसांना मदत मिळाली. वर्षाअखेरीस मार्कोनीला जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासोबत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका रात्रीची किंमत

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिकच्या पहिल्या सफरीचे निमंत्रण मार्कोनीला होते. कामाच्या गडबडीत तो आधीच लुसिटानिया जहाजाने न्यूयॉर्कला निघून गेला. टायटॅनिकवर त्याची दोन माणसे होती: जॅक फिलिप्स आणि हॅरोल्ड ब्राइड. फिलिप्सने ११ एप्रिलला जहाजावरच पंचविशी गाठली होती.

त्या प्रवासात बिनतारी यंत्र काही तास बंद पडले आणि प्रवाशांच्या तारा साठून राहिल्या. १४ एप्रिलच्या संध्याकाळी न्यूफाउंडलंडमधले केप रेस केंद्र टप्प्यात आले. वाट खुली झाली होती, ती किती वेळ खुली राहील याचा नेम नव्हता. फिलिप्स साठलेल्या तारा भराभर उरकू लागला. त्या तारा म्हणजे बहुतांश खुशाली आणि येण्याच्या वेळा.

त्याच संध्याकाळी मेसाबा जहाजाने हिमनगांचा इशारा पाठवला. तो कप्तानाच्या कक्षापर्यंत पोचला नाही. रात्री अकराच्या सुमारास जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाने आपण बर्फात थांबल्याचे कळवायचा प्रयत्न केला. जवळच्या यंत्राचा आवाज फिलिप्सच्या कानात कर्कश घुसला, केप रेसचा क्षीण आवाज बुडाला आणि त्याने कॅलिफोर्नियनला गप्प राहायला सांगितले. कॅलिफोर्नियनवर एकच ऑपरेटर होता. साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून तो झोपला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले.

मध्यरात्रीनंतर फिलिप्सची हाक ऐकली ती कार्पाथिया जहाजाच्या हॅरोल्ड कॉटम याने. तो झोपायच्या तयारीत होता, पण कानाचे यंत्र अजून काढले नव्हते. केप कॉड केंद्राकडे टायटॅनिकसाठी तारा पडून आहेत, एवढे सांगायला त्याने टायटॅनिकला गाठले आणि उत्तरात मदतीची हाक आली. कार्पाथिया शंभर किलोमीटरच्या आसपास दूर होते. पहाटे चारच्या सुमारास ते पोचले. सातशेहून अधिक माणसे वाचली, सुमारे दीड हजार गेली. फिलिप्स गेला. ब्राइड पाय दुखावलेल्या अवस्थेत कार्पाथियावर पुन्हा यंत्रापाशी बसला.

वाचलेल्यांची नावे किनाऱ्याला कळवायची होती, पण कार्पाथियाच्या यंत्राचा टप्पा तेवढा नव्हता. ती नावे आधी ऑलिम्पिक जहाजाला दिली गेली आणि ऑलिम्पिकने ती केप रेसला पोचवली. दरम्यान वर्तमानपत्रांत सगळे सुखरूप असल्याची, जहाज ओढून आणले जात असल्याची खोटी बातमी छापून आली. दोन वेगळ्या संदेशांची सरमिसळ झाल्याचे नंतर सांगण्यात आले.

मार्कोनी न्यूयॉर्कमध्येच होता. १८ एप्रिलला कार्पाथिया धक्क्याला लागताच तो जहाजावर जाऊन ब्राइडला भेटला. आधी त्याच्या शोधाचा जयजयकार झाला. मग अमेरिकी सिनेटच्या चौकशीत त्याला उलटसुलट प्रश्न विचारले गेले. ब्राइडची हकिगत वर्तमानपत्राला पैसे घेऊन विकू दिल्याबद्दलही त्याला उत्तर द्यावे लागले.

त्या रात्री यंत्रे बिघडलेली नव्हती. लहरी पोचत होत्या. चूक होती निरोपांच्या रांगेत. खुशालीच्या तारा पुढे आणि हिमनगाचा इशारा मागे राहिला. ऐकणारा कान झोपला. कोणता संदेश कोणाचा, याचा घोळ झाला. पुढच्या दोन वर्षांत नियम बदलले. १९१४ च्या जानेवारीत लंडनला समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. मोठ्या प्रवासी जहाजांवर चोवीस तास बिनतारी पहारा बंधनकारक करण्याचे ठरले.

खडकी आणि दौंड

१९१२ च्याच सप्टेंबरात इटलीत मोटार अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला. काम थांबले नाही. आखूड लहरींकडे तो पुन्हा वळला. १९१९ मध्ये घेतलेली एलेत्रा नावाची नौका हीच त्याची प्रयोगशाळा झाली. चार्ल्स फ्रँकलिन या सहकाऱ्यासोबत १९२३ आणि १९२४ मध्ये केलेल्या प्रयोगांत दिसले, की सुमारे ३२ मीटर लांबीच्या लहरी भर दिवसाही हजारो किलोमीटर जातात. शिवाय आरशाने उजेड वळवावा तशा त्या एका दिशेला झोताने सोडता येतात. त्यामुळे अवाढव्य, खर्चिक केंद्रांची गरज उरली नाही.

१९२४ मध्ये ब्रिटिश पोस्टखात्याशी करार झाला आणि या झोतांच्या जाळ्यातला एक धागा महाराष्ट्रात आला. संदेश सोडणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला, टिपणारे केंद्र दौंडला. दोन्ही एकत्र ठेवली असती तर आपल्याच आवाजात दुरून येणारा क्षीण आवाज बुडाला असता, म्हणून ही ताटातूट. सप्टेंबर १९२७ मध्ये इंग्लंडशी ही सेवा सुरू झाली. मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकांच्या रूपात उतरवत आणि पट्टी यंत्रातून वेगाने सोडत.

याही वाटेला तासांची बंधने होतीच. दिवसाची लहर वेगळी, रात्रीची वेगळी. सूर्यावर खळबळ झाली की वाट धूसर होई. म्हणून करारातही दिवसाचे ठरावीक तासच धरलेले होते. मुंबईहून एडनमार्गे जाणारी समुद्राखालची तार १८७० पासून होतीच. ती महाग, पण खात्रीची. झोत स्वस्त, पण लहरी. निरोप आता कोणत्या वाटेने पाठवायचा, की थोडा थांबवायचा, ही निवड रोजच्या कामाचा भाग बनली. ही सेवा चालवणारी कंपनी पुढे तारेच्या कंपनीशी जोडली गेली. १९४७ मध्ये ती सरकारकडे आली आणि तिच्यातून ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस उभी राहिली. १९८६ मध्ये तिचेच विदेश संचार निगम झाले.

रोममधला दवाखाना

मार्कोनीचे उत्तरायुष्य निष्कलंक नव्हते. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला, मुसोलिनीच्या राजवटीने त्याला मानाची पदे दिली आणि त्याने ती घेतली. त्याचे चरित्र सांगताना ही बाजू झाकता येत नाही.

त्याच काळात एका चांगल्या कामालाही त्याचे नाव लागले. जहाजावर डॉक्टर नसताना कोणी आजारी पडले तर करायचे काय? गुइदो गुइदा या डॉक्टरने १९३५ मध्ये रोममध्ये आंतरराष्ट्रीय रेडिओ वैद्यकीय केंद्र सुरू केले. मार्कोनी त्याचा पहिला अध्यक्ष झाला. कोणत्याही देशाच्या जहाजाने बिनतारी यंत्रावरून लक्षणे कळवायची: ताप किती, नाडी किती, दुखते कुठे. रोममधले डॉक्टर जहाजाच्या औषधपेटीत काय आहे ते विचारून उपचार सांगत. सल्ला मोफत. आज ज्याला टेलिमेडिसिन म्हणतात, त्याची ही सुरुवातीची रूपे. हे केंद्र अजूनही चालू आहे.

दुसऱ्याला दुरून वैद्यकीय सल्ला मिळवून देणाऱ्या मार्कोनीचे स्वतःचे हृदय मात्र थकत चालले होते. छातीत कळा येत, हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये वयाच्या ६३ व्या वर्षी तो वारला. त्याच्यासाठी जगातल्या अनेक रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले.

तोच तक्ता, नवे जाळे

अटलांटिकचा तो तक्ता विस्मरणात गेला, पण कल्पना परतली. मंगळावरून पृथ्वीवर संदेश यायला ग्रहांच्या अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. यान ग्रहाच्या आड गेले की संपर्कच तुटतो. पण यान पुन्हा केव्हा दिसेल, हे आधी मोजता येते. म्हणून निरोप सांभाळून ठेवणारी, ठरलेल्या भेटीला पुढे देणारी पद्धत तयार झाली. नासाने २००८ मध्ये सुमारे सव्वातीन कोटी किलोमीटर दूर असलेल्या यानाबरोबर तिची चाचणी घेतली. या निरोपांवर पाठवणारा, घेणारा, निर्मितीची वेळ आणि किती काळ जपायचे, हे लिहिलेले असते. टायटॅनिकच्या वेळी झालेली सरमिसळ टाळण्यासाठी हेच हवे होते.

जमिनीवरही हे घडले. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागात वायफाय यंत्र लावलेली बस गावोगाव फिरे. ती गावातल्या संगणकातला मजकूर उचलून घेई आणि शहरात पोचली की पुढे देई. बसचे वेळापत्रक हेच जाळ्याचे वेळापत्रक.

भेटींचे वेळापत्रकच नसेल तर? २००० मध्ये एक उपाय सुचवला गेला, तो साथीच्या रोगावरून. भेटेल त्या प्रत्येक यंत्राला निरोपाची प्रत द्यायची. एकाकडून दोघांना, दोघांकडून चौघांना. निरोप पोचायची शक्यता खूप वाढते, पण प्रतींनी यंत्रांची जागा भरते आणि बॅटरी संपते. म्हणून किती प्रती काढायच्या यावर बंधन घालतात आणि निरोप पोचल्याची वर्दी लशीसारखी मागे पसरवून उरलेल्या प्रती पुसतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर जिल्ह्यातली अनेक गावे तोडली, पुणे–बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. अशा वेळी वीज गेली की मोबाइलचे मनोरे एकेक करून गप्प होतात. उरलेल्या मनोऱ्यांवर सगळ्यांचे फोन तुटून पडतात. त्याच गर्दीत खुशालीचे फोन असतात, फोटो असतात आणि डायलिसिसची वेळ टळत चाललेल्या रुग्णाची किंवा कळा सुरू झालेल्या बाईची हाकही असते. १४ एप्रिलच्या रात्रीची ती रांग इथे पुन्हा लागते.

म्हणून पूरभागातल्या प्रत्येक घराने काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. तातडीच्या वेळी १०८ ला फोन करावाच. तो लागत नसेल तर घरच्यांना किंवा गावातल्या बचाव पथकाला साधा एसएमएस करावा. फोन लागायला दोन्ही बाजूंची वाट एकाच वेळी खुली लागते. एसएमएस मात्र कंपनीच्या केंद्रात काही काळ साठून राहतो आणि समोरचा फोन रेंजमध्ये आला की पोचतो. मजकुरात नाव, नेमके ठिकाण, वेळ, आजार आणि काय हवे ते लिहावे, म्हणजे तो तिसऱ्या माणसाच्या हातात पडला तरी त्याला अर्थ राहतो. बोटीने किंवा ट्रॅक्टरने बाहेर पडणाऱ्याच्या हाती तोच मजकूर चिठ्ठीवर लिहून द्यावा, औषधांच्या नावांसह. आणि व्हिडिओ पाठवण्याची हौस पाणी उतरेपर्यंत आवरावी. तेवढ्या जागेत कोणाची तरी हाक बसते.

हुपरीच्या कारखान्यात खाली पडलेला कीस कोणी वाया जाऊ देत नाही. पुराच्या दिवसांत मिळणारी मिनिटभराची रेंजही तशीच जपून वापरायला हवी.